प्रेमाच्या कादंबऱ्या आणि वाचनाचा नेम



कामगार संघटनेच्या कार्यकर्त्याला व्याख्यानाला बोलावले म्हणजे तो महागाई, बोनस आणि कंत्राटी पद्धत यांवरच बोलणार, असे धरून चालण्याची रीत आहे. संयोजकांनीही तसेच धरले होते. आम्ही विषय कळवला तेव्हा पलीकडे काही क्षण शांतता पसरली, आणि मग अतिशय सौजन्याने विचारणा झाली की, ‘प्रेमाच्या कादंबऱ्या’ याचा अर्थ कामगार वाङ्मयाशी लावावयाचा काय? आम्ही सांगितले, कशाशीही लावू नका. प्रेमाच्या कादंबऱ्या म्हणजे प्रेमाच्या कादंबऱ्या. पहिल्या प्रकरणात भेट, पाचव्यात गैरसमज, शेवटून दुसऱ्यात आजारपण किंवा मोटारीचा अपघात, आणि अखेर लग्न. त्या कोण वाचते, कशासाठी वाचते, आणि वाचणाराने त्याबद्दल खाली मान का घालावी, एवढेच आज आम्हाला बोलावयाचे आहे.

आम्ही विद्वान नव्हे. शाळा दहावीच्या अलीकडेच सुटली आणि सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत मदतनीस म्हणून लागलो. जे काही शिकलो ते पाळी सुटल्यावर. आपल्या नाशिकला १८४० सालापासूनचे सार्वजनिक वाचनालय आहे, ही या शहराची थोर पुण्याई. पण वाचनालयाची पायरी चढण्याचा धीर यायच्या आधी आमच्यासारख्यांना गाठ पडे ती कोपऱ्यावरच्या दुकानाची, जेथे रोजच्या भाड्याने पुस्तक मिळे. पुठ्ठा घातलेला, वर तपकिरी कागद, आणि आत पानापानावर आधीच्या वाचकांचे शेरे. सुहास शिरवळकरांची ‘दुनियादारी’ १९८२ सालची; ती आम्ही तशीच, कोणाच्या तरी चहाच्या डागांसकट वाचली. दुसऱ्या दिवशी यंत्रापाशी उभे असताना डोळ्यांवर झोप होती आणि मनात ती माणसे होती. पुढे आम्ही कायद्याची पुस्तके वाचली, अर्थशास्त्र वाचले, मार्क्स वाचण्याचा प्रयत्न केला. परंतु ‘दुनियादारी’मुळे आम्ही मार्क्सपर्यंत पोहोचलो, असे काही आम्ही सांगणार नाही. पायरीचा हा युक्तिवाद पुष्कळ सज्जन करतात. म्हणतात, वाचू द्या हो प्रेमकथा, त्यातूनच पुढे चांगल्या वाचनाची गोडी लागते. ऐकायला बरे वाटते. पण कारखान्याचा मालकसुद्धा चहाची सुट्टी अशीच देतो: दहा मिनिटे बसू द्या, म्हणजे पुढचे चार तास उत्पादन बरे निघेल! सुट्टी ही सुट्टी म्हणून द्यावी, हे त्याला कधी पटत नाही. वाचनाच्या बाबतीत आपण सुशिक्षित मंडळीही बरेचदा त्या मालकाच्याच खुर्चीत बसतो.

आता मूळ प्रसंगाकडे येतो. आमच्या संघटनेच्या कचेरीत एक लोखंडी कपाट आहे. त्यात कामगार कायदे, निवाड्यांचे खंड, चरित्रे, चळवळीचे इतिहास अशी पुस्तके होती. कोणी हात लावीत नसे, त्यामुळे ती सुस्थितीत होती. सिन्नरकडच्या विडी कामगार बायका हजारी मजुरीचा प्रश्न घेऊन कचेरीत येत. विडीची मजुरी नगावर, हजारामागे. दिवसभर मान खाली घालून पान कापायचे, तंबाखू भरायची, वळायचे, दोरा बांधायचा. आणि मोजणीच्या वेळी मापात न बसलेल्या विड्या बाजूला पडल्या की तेवढी मेहनत फुकट. त्यांतल्या एका मावशींनी एके दिवशी कपाटाकडे बराच वेळ पाहिले आणि विचारले, “भाऊ, ह्यात गोष्टीचं काहीच नाही का? माणसं असतील असलं?”

एवढी नेमकी टीका आमच्या ग्रंथसंग्रहावर कोणीच केली नव्हती. आम्ही रद्दीच्या दुकानातून पन्नासएक जुन्या कादंबऱ्या उचलल्या. फडके, खांडेकर, काकोडकर, अण्णा भाऊ, कुसुम अभ्यंकर, शैलजा राजे, योगिनी जोगळेकर. जे हाती आले ते. महिन्याभरात कपाटाचा तो कप्पा रिकामा झाला, आणि कार्यकारिणीच्या बैठकीत वाद उभा राहिला. आमचे एक जुने सहकारी, अत्यंत प्रामाणिक गृहस्थ, कळवळून म्हणाले की, ज्या बाईला किमान वेतन मिळत नाही तिच्या हाती बंगला, बाग आणि पियानो असलेली कादंबरी देणे म्हणजे तिची थट्टा आहे. शिवाय लढ्याची धार बोथट होते, ती वेगळीच.

या आक्षेपाला उडवून लावणे बरोबर नाही. फडक्यांच्या कादंबरीत घरभाडे थकलेला माणूस शोधून सापडणे कठीण. टेनिस खेळणारा नायक, सुगंधी रुमाल, आणि संवाद असे की जणू दोघांनी आदल्या रात्री पाठ केले आहेत. खांडेकरांकडे गरिबी आहे, पण ती इतक्या सुभाषितांतून बोलते की गरिबाला आपल्या गरिबीचा संकोच वाटावा. (खांडेकरांचे भक्त येथे बरेच असतील. ‘ययाति’ला १९७४ सालचे ज्ञानपीठ मिळाले ते योग्यच होते, असे आमचेही मत आहे.) तरीही आम्ही फडक्यांच्या बाजूने एक गोष्ट सांगू. त्यांना वाक्य कसे चालवायचे आणि प्रकरण कोठे तोडायचे हे पक्के ठाऊक होते. आम्ही यंत्रावर काम केलेले आहे. कारागिरी दिसली की आम्हाला ओळखू येते.

पण खरे उत्तर आम्ही नाही, त्या बायकांनीच दिले. फडक्यांची एक कादंबरी परत करताना एकीने विचारले, “हिच्या घरी पाणी कोण भरतं, ते काही लिहिलेलं नाही.” दुसरी म्हणाली, “लग्न झालं आणि पुस्तक संपलं. मग खरी गोष्ट तर राहिलीच की.” श्रोतेहो, आपल्याला वाटते की भोळी वाचक कादंबरीतील बंगला खरा मानते आणि आपली खोली विसरते. तसे काही होत नाही. बंगला खोटा आहे हे तिला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, कारण असल्या बंगल्यांतली भांडी तिच्या बहिणीने घासलेली असतात. तरी ती वाचते. कारण त्या गोष्टीत एक माणूस दुसऱ्या माणसाकडे पूर्ण लक्ष देतो. तिच्या बोलण्याचा अर्थ लावीत रात्रभर जागतो. तिला काय हवे आहे, असे विचारतो. दिवसातून हजार विड्या वळणाऱ्या बाईला असे शेवटचे कोणी विचारले, हे ज्याने त्याने आपापल्या घरी जाऊन आठवून पाहावे.

अमेरिकेत जॅनिस रॅडवे नावाच्या अभ्यासक बाईंनी प्रेमकथा वाचणाऱ्या गृहिणींशी सविस्तर बोलून १९८४ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. कथेत काय आहे, हे विचारायला त्या गेल्या होत्या. बायका मात्र कथेपेक्षा वाचनाच्या वेळेबद्दलच जास्त बोलू लागल्या. हातात पुस्तक असते तेवढा वेळ आपण कोणाची आई नसतो, कोणाची बायको नसतो, तेवढा वेळ आपला, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. आमच्या सिन्नरच्या मावशींनी हा ग्रंथ वाचलेला नाही. त्या पुस्तक पिठाच्या डब्यामागे ठेवतात, कारण घरच्यांना दिसले तर ‘कामधंदा नाही का’ म्हणून ऐकावे लागते. नवरा चावडीवर तीन तास पत्ते कुटतो, त्याला हा प्रश्न कोणी विचारीत नाही.

येथे आम्हाला कामगार चळवळीचाच इतिहास आठवतो. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली, आणि १८९० साली गिरण्यांना रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळाली. पुढे तासांची लढाई चालली. १९४८ च्या कारखाना कायद्यात आठवड्याची मर्यादा ४८ तासांची होती. या सगळ्या लढ्यात कामगाराने असे लिहून दिले नव्हते की, मिळालेल्या वेळात मी केवळ उपयुक्त गोष्टी करीन. मालकांचा आक्षेप मात्र हाच असे: यांना सुट्टी दिली तर हे दारू पितील, तमाशाला जातील. वेळ कामगाराचा होता; त्यात काय करावे हेही त्याचेच होते. घरी विड्या वळणाऱ्या बाईला तर रविवारही नाही आणि ४८ तासही नाहीत. तिने कोठून तरी अर्धा तास मिळवला आणि त्यात एखादी कादंबरी वाचली, तर तिच्याकडून त्याचा हिशोब मागणारे आपण कोण?

बरे, आपल्या भाषेने प्रेमकथेला नेहमी असेच बाहेर उभे केले होते काय? एकनाथांनी १५७१ साली काशीत ‘रुक्मिणीस्वयंवर’ पुरे केले. अठरा प्रसंगांचा ग्रंथ. त्यात भाऊ बहिणीचे लग्न शिशुपालाशी ठरवतो आणि बहीण गुपचूप कृष्णाला पत्र पाठवते; हरण होते, युद्ध होते, रुसवे आहेत, थट्टा आहे. हा ग्रंथ उपवर मुलींनी नेमाने वाचावा, म्हणजे मनासारखा वर मिळतो, अशी आपल्या घराघरांतली श्रद्धा! आजोबा स्वतः नातीला पाटावर बसवीत, समोर निरांजन लावीत, आणि मुलीने घरच्यांच्या मनाविरुद्ध लिहिलेले प्रेमपत्र तिच्याकडून मोठ्याने वाचून घेत. त्याच आजोबांनी नातीच्या उशाखाली कादंबरी पाहिली की घरात रणकंदन.

छापील कादंबरीचेही पाहा. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ चे, ते विधवांच्या दुःखावर. पण १८६१ साली लक्ष्मणशास्त्री हळब्यांची ‘मुक्तामाला’ आली आणि अद्भुतरम्य कथांचा एक जमानाच सुरू झाला. पुढे हरिभाऊ आपट्यांनी ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही मराठीतली सर्वांत जळजळीत कादंबरी क्रमशः छापली, ती १८९० साली सुरू केलेल्या ज्या साप्ताहिकात, त्याचे नाव त्यांनी काय ठेवले होते? ‘करमणूक’! त्या थोर माणसाला करमणूक या शब्दाची लाज वाटली नव्हती.

लाज नंतर आली, आणि कधी कधी ती पोलिसांना बरोबर घेऊन आली. चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही कथा १९६२ साली ‘रंभा’ मासिकाच्या दिवाळी अंकात प्रसिद्ध झाली. तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९६९ साली काकोडकर निर्दोष सुटले. समाजाच्या कल्पना झपाट्याने बदलत आहेत, हे न्यायालयाने ध्यानात घेतले. गंमत अशी की, त्याच वर्षी काकोडकरांच्या ‘नीलांबरी’वरून निघालेला ‘दो रास्ते’ हा हिंदी चित्रपट सहकुटुंब सहपरिवार लोक पाहत होते. आणि अण्णा भाऊ साठे? लाल बावट्याच्या कलापथकाचा हा शाहीर, गिरणीत राबलेला. त्यांच्या ‘फकिरा’चे नाव आम्ही सगळे घेतो, पण त्यांनीच ‘वैजयंता’ लिहिली, ‘आवडी’ लिहिली, जिवावर उदार होऊन प्रेम करणाऱ्या बायका लिहिल्या. लढ्याची धार बोथट होईल, ही भीती त्यांना शिवली नव्हती. आमच्या सहकाऱ्यांना आम्ही हे उदाहरण दिले तेव्हा ते बराच वेळ चष्मा पुसत बसले.

आता वाचनाच्या नेमाविषयी. अलीकडे वाचकांत एक टूम आली आहे. वर्षारंभी आकडा ठरवायचा, बावन्न आठवडे म्हणून बावन्न पुस्तके, किंवा सरळ शंभर. आणि मग संपलेली पुस्तके मोजत जायचे. इंग्लंडमध्ये १९९९ सालापासून सार्वजनिक वाचनालयांतून मुलांना उन्हाळ्याच्या सुट्टीत सहा पुस्तके वाचायला सांगतात. कल्पना वाईट नाही, आणि आपल्याला नवीनही नाही. चातुर्मासात ‘हरिविजया’चा रोज एक अध्याय, सात दिवसांत ‘गुरुचरित्र’, ही काय वेगळी गोष्ट आहे? नेम धरला की घरचे वाट सोडतात. ‘तिचा अध्याय राहिलाय’ म्हटले की सासूसुद्धा चहा स्वतः करून घेते. नेमाची खरी करामत हीच आहे. मोजणे हे निमित्त, त्याच्या आडोशाने वेळ हाती येतो.

आमच्या बायकांनी हे बरोबर हेरले. पाडव्याला त्यांनी आपापसांत ठरवले की, दिवाळीपर्यंत प्रत्येकीने बारा कादंबऱ्या वाचायच्या. घरी सांगितले, संघटनेत नाव घातले आहे, पुस्तक पुरे करून परत द्यावेच लागते. पिठाच्या डब्यामागची पुस्तके फळीवर आली. हे सर्व त्यांचे त्यांनी केले. आमचा त्यात कपाटाच्या किल्लीपलीकडे काही वाटा नाही.

पण मग एका उत्साही तरुणाने कचेरीच्या भिंतीवर तक्ता लावला. डावीकडे नावे, पुढे चौकोन, वाचलेल्या पुस्तकागणिक एक लाल ठिपका. एका दानशूर व्यापाऱ्यांनी पहिल्या येणारीला साडी जाहीर केली. आणि पंधरा दिवसांत काय व्हावे? बारीक पुस्तकांना मागणी आली. जाड पुस्तके पडून राहिली. कोणी मधली पाने गाळली, असे कोणी म्हणू लागले. एक वयस्क आक्का होत्या, विड्या वळून वळून डोळ्यांना कमी दिसणाऱ्या. त्या एकच कादंबरी घेऊन बसल्या होत्या आणि ती तिसऱ्यांदा वाचीत होत्या, कारण ती त्यांना फार आवडली होती. तक्त्यावर त्यांच्या नावापुढे एक ठिपका, आणि नाव सर्वांत खाली. त्यांनी आम्हाला बोलावून शांतपणे विचारले, “भाऊ, इथंबी हजारीच का?”

बंधुभगिनींनो, नगावरची मजुरी म्हणजे काय, हे आम्ही तीस वर्षे व्यासपीठांवरून समजावून सांगत आलो आहोत. पण इतक्या थोडक्यात आम्हाला ते कधी सांगता आले नाही. नगावर काम आले की हात घाईला येतो, शेजारणीचा ढीग डोळ्यांत खुपू लागतो, आणि मोजणारा आपोआप मुकादम होतो. बायकांनीच बैठक घेऊन तक्ता उतरवला. साडीचे पैसे व्यापाऱ्यांना विनंती करून पुस्तकांना लावले. नेम मात्र त्यांनी मोडला नाही, कारण तो त्यांचा स्वतःचा होता. ज्याची त्याने आपल्याशी मोजणी ठेवावी, आणि तिसऱ्यांदा वाचलेले पुस्तक तीन धरावे, एवढी दुरुस्ती झाली. आम्ही सरकारी आणि निमसरकारी समित्यांवर बरेच ठराव पाहिले आहेत. याहून शहाणा ठराव पाहिल्याचे आठवत नाही.

आक्कांच्या डोळ्यांचा प्रश्न राहिला होता. त्यावर तोडगा असा निघाला की, दुपारी चारपाचजणी एका ओट्यावर जमून विड्या वळतात तेव्हा एकीने वाचावे आणि बाकीच्यांनी तिच्या वाट्याच्या विड्या वळून द्याव्यात. आम्ही हे ऐकले आणि थक्क झालो. कारण क्यूबा देशात हवाना शहरी, एल फिगारो नावाच्या चिरूट कारखान्यात १८६५ साली कामगारांनी नेमकी हीच पद्धत सुरू केली होती. उंच बैठकीवर बसून एकजण मोठ्याने वाची, आणि त्याचा पगार इतर कामगार आपल्या मजुरीतून वर्गणी काढून भरीत. सकाळी वर्तमानपत्र, नंतर कादंबरी. कोणती कादंबरी, हे मतदानाने ठरे! दुसऱ्याच वर्षी तेथल्या गव्हर्नरने या वाचनावर बंदी घातली. पण बंदी टिकली नाही, प्रथा टिकली. द्यूमा यांची ‘काउंट ऑफ माँटे क्रिस्तो’ ही सूडाची आणि प्रेमाची कादंबरी त्या कामगारांना इतकी प्रिय होती की १९३५ साली निघालेल्या एका चिरुटाला माँटेक्रिस्तो हेच नाव मिळाले. अमेरिकेतील टँपा शहरी १९३१ साली मालकांनी हे वाचक काढून टाकले, तेव्हा हजारो चिरूट कामगार काम टाकून बाहेर पडले. मजुरीसाठी संप आम्ही पुष्कळ केले, श्रोतेहो. गोष्ट ऐकू येत नाही म्हणून संप करणाऱ्या त्या कामगारांपुढे आम्ही टोपी काढतो. आपल्या देशात केरळातल्या विडी कामगारांतही असेच वाचून दाखवण्याची परंपरा होती.

सिन्नरच्या ओट्यावर सध्या जे वाचन चालते त्यात शेरेबाजीच अधिक असते. नायकाने आईच्या भिडेने मौन धरले की चौघी एकदम त्याच्यावर तुटून पडतात आणि वाचणारीला थांबावे लागते. गेल्या महिन्यात एका कादंबरीतल्या नायिकेने नोकरी सोडून लग्न केले, तेव्हा दोन दिवस पुढचे प्रकरण कोणी ऐकूनच घेईना. आमच्या त्या जुन्या सहकाऱ्यांनी आता तेथे जाण्याचा परिपाठ ठेवला आहे. वर्गणी गोळा करायला जातो, असे ते सांगतात.

आपल्या नाशिकहूनच कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या योजनेखाली २००९ सालापासून पुस्तकांच्या पेट्या गावोगावी आणि देशाबाहेरही जात आहेत. पेटी वाचून झाली की दुसऱ्या गटाशी बदलायची, ही त्यातली युक्ती आम्हाला फार आवडते. आमच्या कपाटाचा व्याप लहान आहे. आपल्या घरी माळ्यावर, सज्जात, पलंगाखाली आईच्या किंवा आजीच्या अशा कादंबऱ्या नक्की असतील. रद्दीत घालण्यापूर्वी संघटनेच्या कचेरीत आणून द्याव्यात. संध्याकाळी सहा ते आठ आम्ही असतो. कव्हर नसले तरी चालेल, वाळवीने कडा खाल्ल्या असल्या तरी चालतील. फक्त शेवटचे पान शाबूत आहे ना, तेवढे पाहून द्यावे. मागे एकदा ते नव्हते, आणि ओट्यावर दोन दिवस काम बंद होते.